पाठीचा कणा, श्रम आणि मनाचा ताण

रेणा नदीच्या काठी वसलेले रेणापूर हे लातूर जिल्ह्यातील एका तालुक्याचे मुख्य ठिकाण. रेणुकादेवीच्या मंदिरामुळे पंचक्रोशीत परिचित असलेल्या या गावाभोवती सोयाबीन, तूर आणि जेथे पाणी पोचले तेथे ऊस अशी शेती पसरली आहे. आश्विन महिन्यात सोयाबीनच्या काढणीच्या वेळी या भागातून फेरफटका मारला, तर दूरवर शेतात माणसे दिसतात, पण त्यांचे चेहरे दिसत नाहीत. दिसतात त्या केवळ वाकलेल्या पाठी. सकाळी आठाच्या सुमारास वाकलेली पाठ दुपारच्या भाकरीसाठी सरळ होते आणि पुन्हा दिवस मावळेपर्यंत वाकलेली राहते.

काही वर्षांपूर्वी कार्यालयीन कामानिमित्त प्रस्तुत लेखक या तालुक्यातील एका खेड्यात गेला असता बांधावर बसलेल्या पन्नाशीच्या एका मावशी भेटल्या. कमरेला लुगड्याचा पदर घट्ट आवळून त्या बसल्या होत्या. विचारपूस केली तेव्हा त्या म्हणाल्या, "पाठ हाय म्हणून भाकर हाय, सायेब. पाठच बसली तर घर बसलं." आरोग्यविषयक अनेक परिपत्रके वाचूनही जे नीट ध्यानात आले नव्हते, ते या दोन वाक्यांनी ध्यानात आले. शेतकऱ्याच्या, मजुराच्या आणि हमालाच्या दृष्टीने पाठीचा कणा हा शरीराचा केवळ एक भाग नसून ते उपजीविकेचे पहिले साधन आहे. बैल आजारी पडला तर शेजाऱ्याचा बैल मागता येतो. पाठ मात्र उसनी मिळत नाही.

या साधनाची रचना कशी आहे, ते कशाने बिघडते, मनावरील ताणाचा त्याच्याशी काय संबंध आहे आणि ते सुधारण्यासाठी प्रचलित असलेल्या उपायांपैकी ग्राह्य कोणते व त्याज्य कोणते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. मावशींची हकीकत शेवटी पुन्हा येईलच.

कण्याची रचना

पाठीचा कणा म्हणजे एकसंध दांडा नव्हे. तो तेहतीस मणक्यांची माळ आहे. मानेत ७, पाठीच्या बरगड्या जोडलेल्या भागात १२ आणि कमरेत ५ असे २४ मणके हालते असतात. त्यांखालील पाच मणके एकजीव होऊन त्रिकास्थी बनते आणि अगदी शेवटचे चार लहान मणके मिळून माकडहाड होते. समोरून पाहिले असता निरोगी कणा सरळ दिसतो. बाजूने पाहिले असता मात्र त्याला मानेशी, पाठीशी व कमरेशी डौलदार बाक असतात. या बाकांमुळेच चालताना आणि उडी मारताना बसणारा धक्का थेट मस्तकापर्यंत पोचत नाही.

हालत्या मणक्यांच्या मधोमध गाद्या असतात. गादीचा बाहेरचा भाग चिवट तंतूंच्या अनेक पदरांचा असून आतील भाग मऊ, पाणीदार असतो. मणक्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू खाली उतरतो व त्यातून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या बाहेर पडतात. हात उचलणे, पाय टाकणे, लघवीवर ताबा ठेवणे, वेदना मेंदूला कळविणे ही सर्व कामे या तंतूंमार्फत चालतात. तारेच्या खांबांवरून गावोगाव वीज जावी, तशी ही योजना आहे.

या रचनेतील एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. प्रौढ माणसाच्या मणक्यांमधील गादीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. तिला मिळणारे पोषण आजूबाजूच्या हाडांतून झिरपत येते. गादीवर भार आला की तिच्यातील पाणी थोडे बाहेर जाते, भार उतरला की ती पुन्हा पाणी शोषून घेते. म्हणूनच सकाळी मोजलेली उंची रात्री सुमारे एक ते दोन सेंटिमीटरने कमी भरते आणि झोपेनंतर पूर्ववत होते. याचा अर्थ असा की, हालचाल व विश्रांती यांचा आलटूनपालटून होणारा खेळ हेच गादीचे अन्न होय. सतत वाकून राहणे तिला मानवत नाही, तसेच सतत बसून राहणेही मानवत नाही. खुरपणी करणारी स्त्री आणि फायलींवर मान घालून बसलेला लिपिक यांची तक्रार एकाच जागी येऊन मिळते, ती यामुळेच.

ओझ्याचे गणित

शाळेत तरफेचा नियम शिकविला जातो. तो फळ्यावरून उतरवून आपल्या कमरेला लावून पाहावा. पाठीचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून सुमारे ५ सेंटिमीटर मागे असतात. १५ लिटर पाण्याने भरलेली घागर म्हणजे १५ किलो वजन, भांड्याचे वजन निराळेच. ही घागर कमरेपासून ५० सेंटिमीटर पुढे धरून उचलली, तर केवळ तिच्या भारासाठी पाठीच्या स्नायूंना दसपट, म्हणजे सुमारे १५० किलोइतका जोर लावावा लागतो. तीच घागर अंगाशी २० सेंटिमीटरवर धरली तर हा जोर ६० किलोंवर येतो. यात वाकलेल्या धडाचे स्वतःचे वजन धरलेले नाही. गुडघ्यात वाकावे, ओझे पोटाशी घ्यावे आणि उचलताना अंगाला पीळ देऊ नये, या जुन्या सूचनेमागे हे साधे गणित आहे.

तथापि, उचलण्याची रीत शिकविली की पाठदुखी थांबली, असे होत नाही. या विषयावर झालेल्या अभ्यासांतून असेच दिसून आले आहे की, केवळ उपदेशाने पाठदुखीला फारसा आळा बसत नाही. मूळ ओझे कमी करावे लागते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, ही घटना देशभर गाजली. परंतु त्या उन्हाळ्यात रेल्वेच्या टाक्यांतून किंवा टँकरमधून पाणी उतरल्यानंतर घरापर्यंतचा अखेरचा प्रवास ते डोक्यावरूनच करीत होते, आणि ती डोकी बहुतांशी स्त्रियांची व मुलींची होती. घरात आलेला नळ ही पाणीपुरवठ्याची योजना तर आहेच, पण ती स्त्रीच्या मानेची व कमरेचीही योजना आहे.

ऊसतोडीचे श्रम याहून कठीण. बालाघाटच्या डोंगररांगेतील बीड, लातूर व शेजारच्या जिल्ह्यांतून दरवर्षी हंगामाच्या प्रारंभी मोठ्या संख्येने कुटुंबे ऊसतोडीसाठी बाहेर पडतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. पहाटे वाकून बुडख्यापासून ऊस तोडायचा, पाला साळायचा, मोळी बांधायची आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचे, असा त्यांचा दिनक्रम असतो. गाडी केव्हा येईल याचा नेम नसल्याने मोळ्या पुष्कळदा रात्रीच भराव्या लागतात. गादीला विश्रांतीची जी वेळ हवी, नेमकी तीच या श्रमात हिरावली जाते.

ओझे कमी करण्याचा प्रयत्न आपल्या राज्यात यापूर्वीही झाला आहे. 'माथाडी' हा शब्दच मुळी माथ्यावरून आलेला. माथ्यावर भार वाहणाऱ्यांसाठी महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा केला. त्याआधी, १९५५ मध्ये, पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी हमाल पंचायत उभी केली होती. शंभर किलोंच्या पोत्याविरुद्ध हमालांनी दीर्घकाळ आवाज उठविला आणि पन्नास किलोंचे पोते हळूहळू रूढ झाले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनेही १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने हाताने वाहावयाच्या ओझ्याची कमाल मर्यादा ५५ किलो सुचविली होती. लातूरच्या बाजारसमितीच्या आवारात आज तुरीचे व सोयाबीनचे पोते उचलणाऱ्या हमालाच्या पाठीशी हा सगळा इतिहास उभा आहे.

मनाचा ताण पाठीत कसा उतरतो

पाठदुखी केवळ ओझ्याने होते, असे मानणे मात्र चुकीचे ठरेल. दोन मजूर सारखेच ओझे उचलतात. एकाची पाठ चार दिवसांत मोकळी होते, दुसऱ्याची चार वर्षे दुखत राहते. असे का व्हावे?

'ताण' ही कल्पना वैद्यकात रूढ करणारे हान्स सेल्ये यांचा पहिला लेख १९३६ मध्ये प्रसिद्ध झाला. संकट दिसताच मेंदू मूत्रपिंडांवरील ग्रंथींना इशारा देतो. ॲड्रेनॅलिन व कॉर्टिसोल ही द्रव्ये रक्तात येतात. नाडी जलद होते, श्वास उथळ होतो, मान, खांदे व कंबर यांचे स्नायू आवळले जातात. वाघ समोर आला असता पळण्यासाठी ही तयारी उपयोगाची असते. वाघ गेला की स्नायू सैल पडतात. परंतु पीककर्जाचा हप्ता, लांबलेला पाऊस, मुकादमाकडून घेतलेली उचल, मुलीचे लग्न किंवा कार्यालयातील प्रलंबित चौकशी हे वाघ समोरून जात नाहीत. स्नायू आवळलेले राहतात, झोप तुटते आणि अपुऱ्या झोपेने दुखणे अधिक जाणवू लागते.

याच्या जोडीला भीती येते. 'मणका सरकला', 'गादी घसरली' हे शब्द कानी पडले की माणूस धास्तावतो. हललो तर आणखी बिघडेल, या समजुतीने तो अंथरूण धरतो. स्नायू दुबळे होतात, दुबळ्या स्नायूंमुळे पाठ अधिक दुखते आणि दुखण्यामुळे भीती वाढते. या चक्रातून बाहेर पडणे हाच पुष्कळ वेळा खरा उपचार असतो. पूर्वी पाठदुखीला आठवडेच्या आठवडे बिछान्यात पडून राहण्यास सांगत. १९८६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन दिवसांची विश्रांती व सात दिवसांची विश्रांती यांची तुलना करण्यात आली. दोन दिवसांनी उठलेले रुग्ण सात दिवस पडून राहणाऱ्यांपेक्षा मागे तर राहिले नाहीतच, उलट त्यांचे कामाचे कमी दिवस बुडाले. तेव्हापासून सोसेल तितके हिंडते-फिरते राहावे, हा सल्ला सर्वमान्य होत गेला.

मनाचा व पाठीचा संबंध आहे, याचा अर्थ पाठदुखी हा मनाचा खेळ आहे, असा मात्र कोणी घेऊ नये. दुखणे खरेच असते. दुःख सांगणाऱ्या स्त्रीला 'कामाचा कंटाळा' म्हणून गप्प करणे हा तिच्यावर दुहेरी अन्याय होय.

हाताने करावयाचे उपचार

आपल्या खेड्यांतून कमरेत उसण भरली की पायाळू माणसाला बोलावण्याची चाल आहे. जन्मताना ज्याचे पाय आधी आले, तो पायाळू. त्याने दुखऱ्या जागी पाय लावला की उसण उतरते, अशी समजूत आहे. काही ठिकाणी हाडवैद्य मान वा कंबर झटक्याने फिरवून 'कट' असा आवाज काढतो आणि हाड बसले, असे सांगतो.

साधारण याच जातीची एक विद्या अमेरिकेत उदयास आली. डॅनिएल डेव्हिड पामर यांनी १८९५ मध्ये डॅव्हनपोर्ट या गावी एका बहिऱ्या सफाई कामगाराच्या मणक्यावर दाब दिला व त्याला ऐकू येऊ लागले, असा दावा केला. हात आणि क्रिया या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून या विद्येला 'कायरोप्रॅक्टिक' हे नाव मिळाले. बहुसंख्य रोगांचे मूळ जागचे हललेले मणके व त्यांमुळे अडलेले मज्जातंतू यांत आहे, असे पामर यांचे प्रतिपादन होते. पुढे या विद्येची महाविद्यालये निघाली, अमेरिकेतील सर्व राज्यांत तिला कायद्याची मान्यता मिळाली आणि जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये तिच्या प्रशिक्षणाविषयी व सुरक्षिततेविषयी मार्गदर्शक तत्त्वेही प्रसिद्ध केली.

आजच्या ज्ञानाच्या कसोटीवर या विद्येचे दोन भाग निरनिराळे पाहावे लागतात. सर्व रोगांचे मूळ मणक्यात आहे, हा भाग शास्त्राने मान्य केलेला नाही. मणका दाबल्याने मधुमेह, दमा वा बहिरेपणा बरा होतो, असे कोणी सांगितल्यास त्यावर विश्वास ठेवू नये. सांध्यातून येणारा 'कट' असा आवाजही हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातील द्रवात वायूची पोकळी निर्माण झाल्याचा तो आवाज होय. दुसरा भाग कंबरदुखीचा. प्रशिक्षित हातांनी मणक्यांवर केलेल्या उपचाराने काही रुग्णांना माफक आराम पडतो, असे अभ्यासांतून आढळले आहे. तो आराम व्यायामासारख्या अन्य मान्य उपायांच्या तोडीचा असतो, त्याहून फार मोठा नसतो. प्रेमाने व विश्वासाने फिरणाऱ्या हातामुळे आवळलेले स्नायू सैल होतात, मनाची भीती ओसरते आणि माणूस हालचाल करू लागतो, हाही त्या आरामाचा एक भाग असावा. पायाळूच्या पायाचा गुण कोणाला आला असेल, तर त्यामागेही बहुधा हेच कारण असेल. शिवाय बहुतेक उसण काही दिवसांत आपोआपच उतरते.

मानेच्या बाबतीत मात्र अधिक सावधगिरी हवी. मानेला दिलेल्या जोराच्या झटक्यानंतर मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात झाल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेली आहेत. ती विरळा आहेत, पण केशकर्तनालयात गमतीने मान मोडून घेणाऱ्यांनी ती लक्षात ठेवावीत. आपल्या देशात कायरोप्रॅक्टिकचे स्वतंत्र वैधानिक नोंदणीमंडळ नाही. भौतिकोपचाराला, म्हणजे फिजिओथेरपीला, मात्र २०२१ च्या केंद्रीय कायद्यात स्थान आहे. म्हणून पाठीला हात लावू देण्यापूर्वी समोरच्या व्यक्तीचे शिक्षण व नोंदणी विचारण्यात संकोच करू नये.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. डिसेंबर २०२३ मध्ये या संघटनेने दीर्घकालीन कंबरदुखीवर प्रथमच मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. दुखण्याची नीट माहिती देणे, व्यायाम, मणक्यांवरील हस्तोपचार व मालीश यांसारखे काही भौतिक उपचार, मानसोपचार आणि गरजेनुसार दाहशामक औषधे यांना तिने स्थान दिले. कमरेचे पट्टे, वजन लावून ओढण देणे आणि अफूवर्गीय वेदनाशामके यांची मात्र नेहमीचा उपचार म्हणून शिफारस केली नाही. ओढणीसाठी आठवडाभर दवाखान्यात पडून राहण्याची तयारी करणाऱ्यांनी हे अवश्य ध्यानी घ्यावे.

घरचाच ठेवा

कण्याची हालचाल हा विषय महाराष्ट्राला नवा नाही. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांतून सूर्यनमस्कारांचा प्रसार केला. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगासनांचा शरीरावर होणारा परिणाम प्रयोगशाळेत तपासण्याचा पाया घातला. बी. के. एस. अय्यंगार यांच्या पुण्यातील योग संस्थेत, १९७५ पासून, दोर, पट्टे व लाकडी ठोकळे यांच्या साहाय्याने दुखऱ्या पाठीलाही झेपेल अशी आसने शिकविली जात आली आहेत. कणा पुढे, मागे, दोन्ही बाजूंना व वळणात हलविणे, त्याला दीर्घ श्वासाची जोड देणे आणि हे नित्य करणे, हे या परंपरेचे सार होय. दीर्घ श्वासाने मनाचा ताण सैलावतो आणि त्यासाठी दाम मोजावा लागत नाही.

दिवसभर पुढे वाकणाऱ्या मजुराने मात्र आणखी पुढे वाकण्याच्या व्यायामापेक्षा मागे वळण्याचा व्यायाम पसंत करावा. दर अर्ध्या तासाने उभे राहून कमरेवर हात ठेवावेत आणि सावकाश पाचसात वेळा मागे झुकावे. याला विळा हातातून खाली ठेवण्याइतकाच वेळ लागतो. वृद्धांनी व ठिसूळ हाडे असलेल्या स्त्रियांनी खोल वाकण्याची आसने वैद्याच्या सल्ल्यावाचून करू नयेत.

धोक्याची चिन्हे

बहुतेक कंबरदुखी साधी असते व हळूहळू बरी होते. परंतु पुढील चिन्हे दिसल्यास मालीश, झटका, पट्टा यांपैकी काहीही न करता रुग्णास त्वरित शासकीय रुग्णालयात न्यावे. पायांतील शक्ती कमी होणे किंवा पाय बधिर पडणे. लघवी अथवा शौच यांवरील ताबा सुटणे किंवा मांड्यांमधील भाग बधिर होणे. संध्याकाळचा बारीक ताप, घटते वजन व रात्री वाढणारे दुखणे. पडल्यानंतर वा अपघातानंतर सुरू झालेले दुखणे. वृद्ध स्त्रीच्या पाठीत एकाएकी उठलेली कळ. यांतील दुसरे चिन्ह दिसल्यास एका दिवसाचाही विलंब परवडत नाही.

लातूर व उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्याने ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट पाहिली आहे. किल्लारीच्या त्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती कोसळून सुमारे आठ हजार माणसे दगावली. ढिगाऱ्याखालून काढलेल्या, झाडावरून वा विहिरीत पडलेल्या किंवा रस्त्यावरील अपघातात सापडलेल्या व्यक्तीचा कणा मोडला असण्याचा संभव असतो. अशा व्यक्तीला हातपाय धरून झोळीसारखे उचलू नये, बसते करू नये. डोके, मान व धड एका रेषेत ठेवून तीनचार जणांनी मिळून, ओंडका वळवावा तसे तिला सपाट फळीवर घ्यावे आणि १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका मागवावी. चुकीच्या उचलण्याने सुटलेला जीव जन्माचा पांगळा होऊ शकतो. प्रत्येक ग्रामपंचायतीने वर्षातून एकदा तरी याचे प्रात्यक्षिक घडवून आणावे.

आपण काय करू शकतो

शिक्षकांच्या हाती मुलांचे कणे आहेत. २०२० च्या दप्तर धोरणानुसार दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे. २५ किलोंच्या मुलाच्या पाठीवर अडीच किलोंपेक्षा जास्त ओझे नको. वर्षातून दोनदा वजनकाट्यावर मूल व दप्तर दोन्ही तोलून पाहिल्यास गणिताचा एक तासही सत्कारणी लागेल.

कार्यालयप्रमुखांनी आपल्या सहकाऱ्यांना तासातून एकदा उठून चार पावले चालण्याची मुभा द्यावी. फायलीचा गठ्ठा एकदम उचलण्याऐवजी दोनदा उचलला म्हणून शासनाचे काम अडत नाही.

ग्रामपंचायत सदस्यांनी आपल्या गावातील प्रत्येक कामाकडे पाठीच्या नजरेने पाहावे. पाण्याची टाकी कोठे बसवावी, नळ किती उंचीवर असावा, घागर टेकविण्यास कट्टा आहे की नाही, स्वस्त धान्य दुकानापासून घर किती लांब आहे, हे सर्व प्रश्न आरोग्याचेच आहेत. परभणीच्या कृषि विद्यापीठात शेतकरी स्त्रियांचे श्रम हलके करणाऱ्या साधनांवर काम झाले आहे. उभ्याने चालविता येणारे सायकल कोळपे आज अनेक शिवारांत दिसते. बचत गटांनी अशी साधने सामायिक घेऊन भाड्याने दिल्यास अनेकींची पाठ वाचेल. हंगामाहून परतलेल्या ऊसतोड कुटुंबांची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात करून घेणे, हेही पंचायतीला सहज जमण्यासारखे आहे.

बांधावर भेटलेल्या त्या मावशींची हकीकत येथे पूर्ण करावयास हवी. पाठ दुखू लागल्यावर त्यांनी प्रथम पायाळू मुलाचा पाय लावून घेतला होता. मग बाजाराच्या दिवशी एकाने त्यांची कंबर दोनदा झटक्याने फिरविली. त्यात आठ महिने गेले. गावच्या शाळेतील एका शिक्षिकेने त्यांचे उतरलेले अंग पाहून संध्याकाळी ताप येतो का, एवढाच प्रश्न विचारला आणि त्यांना आपल्याबरोबर रुग्णालयात नेले. निदान झाले ते मणक्याच्या क्षयाचे. क्षयाने पोखरलेल्या मणक्याला आणखी एक झटका बसता, तर पाय कायमचे गेले असते. क्षयावरील औषधे शासकीय रुग्णालयात विनामूल्य मिळतात; अट एवढीच की ती मध्येच सोडावयाची नाहीत. मावशींनी ती वर्षभर नेमाने घेतली. पुढच्या खेपेस त्या भेटल्या तेव्हा जनावरांना वैरण टाकीत होत्या. पेंढी मात्र लहान होती. ती त्यांनी अंगाशी धरली होती.

त्या शिक्षिकेने कोणताही उपचार केला नव्हता. तिने केवळ एक प्रश्न योग्य वेळी विचारला आणि सोबत केली. गावातील शिक्षक, ग्रामसेवक, पंचायत सदस्य, आशा कार्यकर्ती यांपैकी प्रत्येकाला हे करता येईल. आपल्या गावात कोणाची पाठ किती दिवसांपासून दुखते आहे, याची चौकशी या महिन्यातील ग्रामसभेपासूनच सुरू व्हावी.